बोगद्यातल्या जॅकांची गोष्ट: मित्रास पत्र

शिवाजी उद्यमनगर,
कोल्हापूर

प्रिय महादेव,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. नाशिकला तुझ्या वर्कशॉपचा जम बसतोय हे वाचून फार बरं वाटलं. पण तुझ्या पोरानं विचारलेला प्रश्न काही डोक्यातून जाईना. कण पळवायचं यंत्र एवढं मोठं कशाला लागतं, आणि ते सगळं परदेशातच का? उत्तर जरा लांब आहे, त्यालाही वाचून दाखव.

सगळ्यात मोठं यंत्र आहे जिनिव्हाजवळ, सर्न या युरोपातल्या कण-संशोधन संस्थेत. लार्ज हॅड्रॉन कोलायडर. फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवर जमिनीखाली 27 किलोमीटरचा गोल बोगदा आहे. भावा, बिंदू चौकातून पन्हाळ्याला पोचलास तरी तेवढं अंतर भरत नाही! त्यात प्रोटॉन सेकंदाला 11,000 हून जास्त फेऱ्या मारतात. त्यांची ओढ सरळ जाण्याची, वळवायचं काम चुंबकांचं. ऊर्जा वाढेल तसं वळवणं अवघड होत जातं आणि चुंबकाच्या ताकदीला तर मर्यादा आहे. मग वर्तुळच मोठं घ्यावं लागतं. 2012 साली हिग्ज बोसॉन नावाचा कण सापडला तो इथेच.

इलेक्ट्रॉनची तऱ्हा वेगळी. तो हलका, वळवला की प्रकाश फेकतो आणि ऊर्जा घालवून बसतो. म्हणून कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला 3.2 किलोमीटरचं यंत्र सरळ रेषेतच बांधलं. शिकागोजवळच्या फर्मीलॅब प्रयोगशाळेतलं टेव्हाट्रॉन हे यंत्र मात्र गोलच, 6.3 किलोमीटर घेराचं; ते 2011 मध्ये बंद झालं. टॉप क्वार्क नावाचा मूलकण 1995 मध्ये तिथेच हाती लागला होता. आणि टेक्सासमध्ये तर 87 किलोमीटरचं वर्तुळ व्हायचं होतं. बोगदा खणायला सुरुवात झाली आणि 1993 मध्ये अमेरिकी संसदेनं पैसा थांबवला. हे वाचलं की मला अजून हळहळ वाटते.

आता आपल्याकडचं. कोलकात्यात सायक्लोट्रॉन आहे, मुंबईत टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पेलेट्रॉन आहे; दोन्ही कण पळवायचीच यंत्रं. पण पोराला इंदूरचं नाव आधी सांग. तिथल्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 हे इलेक्ट्रॉन फिरवणारं गोल यंत्र चालतं, घेर साधारण 172 मीटर. वळताना इलेक्ट्रॉन जो प्रकाश टाकतो, तोच तिथे पदार्थांच्या अभ्यासाला वापरतात. एकाचं नुकसान ते दुसऱ्याचं भांडवल.

आणि खास तुझ्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. सर्नच्या बोगद्यात 1,232 मुख्य चुंबक आहेत, एकेक 15 मीटर लांब, वजन 35 टनांच्या घरात. ते ज्या जॅकांवर टेकलेत ते जॅक भारतात बनलेत! इंदूरच्या केंद्रानं काम अंगावर घेतलं, आपल्या देशातल्या कारखान्यांनी घडवले, सुमारे 7,000. एवढं धूड 50 मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या अचूकतेनं जागेवर आणायचं. मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको. आपल्या लेथवरच्या पोरांना हे कुणी सांगतच नाही, याचा मला राग येतो.

सुट्टीत पोराला घेऊन ये. इंदूरला केंद्र बघू देतात का, याची चौकशी मी करून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा,
संभाजी