बोट उचलण्याची विद्या

फोंडा, गोवा
मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दिवाळीच्या पाडव्याला मिळाले आणि उत्तर लिहायला मी महिन्याहून अधिक काळ लावला, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. या काळात दर गुरुवारी मी फोंड्याहून बसने मडगावला आणि तिथून साष्टीतल्या एका गावी जात होतो. त्या गावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन ऑर्गनवादकांशी माझा परिचय झाला आहे. त्यांचे बोलणे मनात नीट लागल्याखेरीज तुला लिहायचे नाही असे ठरवले होते, कारण त्यातला निम्मा भाग तुझ्या विषयाचा, म्हणजे लयीचा आहे.

दोघांपैकी एक गृहस्थ मूळचे त्याच गावचे. तीस वर्षे लिस्बनमध्ये चर्चचा पाइप ऑर्गन वाजवल्यानंतर या हिवाळ्यात काही महिन्यांसाठी ते घरी आले आहेत. दुसऱ्या एक वयस्कर बाई आहेत. त्यांचे वडील इगर्जीचे मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, होते आणि त्या स्वतः चाळीस वर्षे गावच्या मुलांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणे), व्हायोलिन आणि ऑर्गन शिकवीत आल्या आहेत. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले जे गोमंतकीय वादक आपण लहानपणापासून रेडिओवर ऐकले, त्यांतले कितीतरी अशाच मेस्तांच्या हाताखाली तयार झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडीलच तिथल्या इगर्जीचे मेस्त होते. इतकी वर्षे जुवारी नदीच्या अलीकडे राहून पलीकडची ही शिकवणी मी एकदाही जवळून पाहिली नव्हती, याचे आता वाईट वाटते.

आपण ज्याला ऑर्गन म्हणतो तो संगीत नाटकाचा ऑर्गन आहे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी यांच्या जोडीने जो वाजत असे, तो. त्यात पितळी सुरपट्ट्या असतात, पायांनी भाता चालवायचा असतो आणि वारा पेटीच्या उलट, बाहेरून आत ओढला जातो. पाइप ऑर्गन म्हणजे हेच वाद्य खूप मोठे केलेले, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. ती पहिल्याच भेटीत गेली. तिथे पाय वारा भरत नाहीत, पाय स्वर वाजवतात. बाकासमोर खाली तीसबत्तीस पायपट्ट्यांची ओळ असते आणि खर्जाची संपूर्ण चाल पायांकडे असते. वारा पूर्वी भाता मारणारी माणसे पुरवीत, आता विजेचा पंखा पुरवतो.

इगर्जीत वर कोरच्या माडीवर, नव्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनच्या मागे, आपल्यासारखाच एक जुना पायाचा ऑर्गन ठेवलेला आहे. त्याच्या काही पट्ट्या मुक्या आहेत, तरी दोन सप्तके नीट वाजतात. बाईंनी आग्रह केला म्हणून मी त्यावर यमनातले एक नाट्यपद वाजवले, तू ज्याला मध्यलय त्रिताल धरतोस त्या चालीने. पद संपल्यावर लिस्बनचे गृहस्थ काही क्षण गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, ‘‘तुमची बोटे पट्टीवर कशी पडतात ते मला ऐकू आले. ती उठतात केव्हा, ते तुम्ही ठरवता का?’’

मित्रा, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पंचेचाळीस वर्षांत तो मला कुणी विचारलाच नव्हता.

मग त्यांनी जे समजावले ते तुला सविस्तर सांगतो. तंबोऱ्याची तार छेडली की स्वर त्या क्षणापासून विरू लागतो, तुझ्या तबल्याचा ‘धा’ही तसाच, पियानोचा स्वरही तसाच. ऑर्गनचा स्वर विरत नाही. पट्टी दाबलेली आहे तोवर तो पहिल्या क्षणाच्याच ताकदीने उभा असतो आणि पट्टी सुटताच संपतो. पाइप ऑर्गनवर तर पट्टीवर बोट हळू ठेवा किंवा जोराने मारा, आवाजाची पातळी तीच राहते. त्यामुळे एखाद्या स्वराबाबत वादकाच्या बोटांकडे दोनच गोष्टी उरतात, तो कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा. सुरू करणे सगळेच शिकतात. ऑर्गनवादकाची सगळी शिस्त थांबवण्यात आहे.

मी विचारले, आघात करताच येत नसेल तर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली, वजनाची मात्रा, कशी दाखवता? ते इलेक्ट्रॉनिक ऑर्गनवर बसले आणि त्यांनी तेच चार स्वर दोनदा वाजवले. पहिल्यांदा सगळे सारखे, एकमेकांना चिकटलेले. दुसऱ्यांदा चौथ्या स्वराच्या आधीचा स्वर त्यांनी केसभर लवकर सोडला आणि चौथा किंचित जास्त धरला. आवाज कणभरही वाढलेला नव्हता, तरी चौथ्या स्वरावर वजन पडल्याचे मी शपथेवर सांगितले असते. कानाला मिळालेली ती निमिषभराची शांतता पुढच्या स्वराला जड करते. मला तेव्हा तुझी दमदार तिहाई आठवली, मध्ये थांबत तीनदा वाजवून समेवर संपवलेला तो बोल. शेवटच्या ‘धा’च्या आधी तू जो दम सोडतोस, त्यामुळेच तो ‘धा’ समेवर येऊन बसतो, आणि मध्ये न थांबणाऱ्या बेदम तिहाईत तुला तेच वजन हाताच्या जोराने आणावे लागते. त्यांच्याकडे हाताचा जोरच नाही, म्हणून सगळा कारभार दमावर चालतो. आपल्या ऑर्गनला भाता आणि गुडघ्याने ढकलायची पट्टी असल्यामुळे वजन तिथून मिळते आणि बोटे आळशी राहतात, असे माझे मत झाले आहे. ते त्यांनाही पटले.

हा दम किती सोडायचा, यावरही त्यांच्याकडे दोन परंपरा आहेत. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख, त्याच्या काळातले वादन साधारणपणे सुटे, प्रत्येक स्वर दुसऱ्यापासून किंचित वेगळा ठेवणारे होते. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या लेमेन्सपासून फ्रान्समध्ये विडोर आणि दुप्रेपर्यंत जी घराणेदार शिकवण चालत आली, तिच्यात स्वर पूर्ण जोडलेले असत. एकाच पट्टीवर ती न सोडता बोट बदलायचे, म्हणजे पुढच्या स्वरासाठी हात मोकळा होतो. एकच स्वर लागोपाठ दोनदा आला तर पहिल्याचा किती अंश शांततेत घालवायचा, हेही मोजून ठरलेले असे. या दुप्रे यांनी १९२० साली पॅरिसमध्ये दहा मैफलींत बाखचे ऑर्गनसाठीचे सर्व संगीत कागद समोर न ठेवता वाजवले होते. विद्यार्थी विचारतात की यांतले खरे कोणते, तेव्हा गृहस्थ त्यांना वास्तूकडे विचारायला सांगतात. दगडी, उंच चर्चमध्ये स्वर सुटल्यावरही कित्येक सेकंद घुमत राहतो. तिथे बोटांनी जास्त जागा सोडली नाही तर सगळा चिखल होतो. लाकडी छताच्या लहान खोलीत तेच वादन तुटक वाटते. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जाऊन वास्तू ऐकल्याशिवाय ते वाजवत नाहीत. शिवाय प्रत्येक ऑर्गन वेगळा. पोर्तुगाल-स्पेनच्या जुन्या वाद्यांत पट्ट्यांची बहुधा एकच ओळ असते, पण ती मध्यावर विभागलेली असते, त्यामुळे डाव्या हाताला एक आवाज आणि उजव्या हाताला दुसरा देता येतो. मोठ्या चर्चमध्ये स्वर देणाऱ्या नळ्या वादकापासून लांब असतात. चौतीस मीटरवरच्या नळीचा स्वर कानावर यायला सेकंदाचा दहावा भाग जातो. ‘‘कानावर विसंबून वाजवू लागलो तर प्रत्येक मात्रेला थोडा थोडा मागे पडेन,’’ असे ते म्हणाले. लय बोटांत आणि पायांत पक्की ठेवायची, कानाने नंतर फक्त ती तपासायची.

शिकवण्याविषयी मात्र मला बाईंकडून जास्त मिळाले. पियानो शिकून आलेल्या मुलाचा डावा हात पायांमागे जातो, कारण खर्ज ही आपली जबाबदारी आहे अशी त्या हाताला सवय असते. म्हणून त्या आधी डावा हात आणि पाय एवढेच वाजवून घेतात. उजवा हात मांडीवर. कधी कधी यात तीन महिने जातात आणि आईवडील तक्रार घेऊन येतात, तरी बाई ढळत नाहीत. नंतर त्या बाखच्या त्या छोट्या संग्रहातले पाठ देतात, जो त्याने वायमारमध्ये असताना मुख्यतः नवशिक्या ऑर्गनवादकासाठी लिहिला. १६४ भजनांची योजना करून त्याने त्यातली ४६ पूर्ण केली. पाठ बसला की बाई एक ओळ वाजवायची बंद करायला सांगतात. ती ओळ मुलाने गायची आणि बाकीच्या वाजवायच्या. खर्जाची ओळ गाता येत नाही तोवर पाठ पुरा झाला असे त्या मानत नाहीत. जर्मनीचे ऑर्गनवादक हेल्मुट वाल्खा तारुण्यातच पूर्ण अंध झाले होते. दुसऱ्या कुणाकडून एकेक ओळ स्वतंत्र वाजवून घेऊन ते ती पाठ करीत आणि मग सर्व ओळी मनात एकत्र जुळवीत. बाई ही हकीकत प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतात. आपल्याकडची गुरुमुखी विद्या ऐकूनच येते, तरी आपण पद अख्खे देतो. त्याचे असे धागे वेगळे करून कुणी दिल्याचे मला आठवत नाही.

एका गोष्टीवर आमचा मतभेद झाला. गृहस्थांना वाटते की गायकामागून जाणारी साथ ही वादनाची दुय्यम शिस्त आहे. मला हे मान्य नाही. पुढची जागा ठाऊक नसताना गायकाच्या श्वासावरून ती ओळखणे ही वेगळी तालीम आहे, आणि आपल्या बोरीचे पेटीवादक तुळशीदास बोरकर यांची साथ ज्याने ऐकली आहे तो तिला दुय्यम म्हणणार नाही. या वादात बाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. मिस्सेच्या, म्हणजे इगर्जीतल्या सामुदायिक प्रार्थनेच्या, वेळी सगळा समुदाय गातो, तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलतात. लोकांना श्वास घ्यायला जागा हवी आणि ऑर्गन वाजत राहिला तर लोक श्वास घेत नाहीत, ओढत राहतात, असे त्या म्हणाल्या.

हे ऐकून मला गेल्या वर्षीची एक जत्रा आठवली, तू त्या वर्षी येऊ शकला नव्हतास. नाटक झाल्यावर नायिकेचे काम करणारी मुलगी रंगपटात माझ्याजवळ आली आणि अतिशय आदराने म्हणाली, ‘‘गुरुजी, आज मला दम घ्यायला कुठे जागाच सापडली नाही.’’ तिचा सराव कमी पडला असे मी मनात ठरवून टाकले होते. आता कळते की तिच्या प्रत्येक ओळीनंतरची जागा मी स्वरांनी भरून टाकत होतो आणि त्यालाच भरीव साथ समजत होतो. मी तिला तसे पत्र लिहिले आहे.

तुझ्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट आता सांगतो. फ्रान्सचे संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ १९३१ पासून १९९२ मध्ये निधन होईपर्यंत पॅरिसच्या एकाच चर्चचे ऑर्गनवादक होते. त्यांनी आपल्या रचनांतील कितीतरी लयबंध शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरातल्या १२० देशी तालांमधून घेतले. १९३५ साली ख्रिस्तजन्मावर ऑर्गनसाठी रचलेल्या नऊ चिंतनपर रचनांच्या प्रस्तावनेत त्यांनी रागवर्धन हा ताल उलगडून दाखवला आहे. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या दरबारी बसून लिहिलेले ताल पॅरिसच्या चर्चमध्ये पायांनी वाजवले गेले, हे गृहस्थांनी सांगितले तेव्हा मी त्यांना देवगिरी कुठे आहे ते कागदावर काढून दाखवले. त्यांना ताल ठाऊक होता, गाव ठाऊक नव्हते. रागवर्धनाच्या मात्रा त्यांनी मला लिहून दिल्या आहेत. त्या सोबत पाठवत आहे. त्याचा ठेका तुझ्या हातून कसा निघतो ते ऐकण्याची मला फार उत्सुकता आहे.

माझ्या शिकवणीत एक बदल केला आहे. आता मुलांकडून अलंकार दोन प्रकारे घेतो. एकदा बोट पडण्यावर लक्ष ठेवून आणि एकदा फक्त उठण्यावर. दुसरा प्रकार त्यांना फार कठीण जातो, आणि मलाही. पद शिकवताना मी भाता मारतो, एक मुलगा चाल वाजवतो आणि दुसरा त्यातला फक्त आधाराचा षड्ज-पंचम गातो. परवा एका दहा वर्षांच्या मुलीने ओळीच्या शेवटी आपणहून हात उचलला आणि गाणाऱ्या मुलाने त्याच क्षणी श्वास घेतला. मी तिला पुन्हा वाजवायला लावले, तेव्हाही तिने तिथेच उचलला.

त्या इगर्जीतल्या जुन्या ऑर्गनच्या भात्याचे कातडे पावसाळ्यांनी पार गेले आहे आणि बाईंच्या मनात तो दुरुस्त करायचे आहे. तुझ्या ओळखीचे कोल्हापूरचे कारागीर अजून काम करतात का, आणि ऑर्गन इकडे येऊन पाहतील का, हे विचारून कळव. शिगम्याच्या आधी काम झाले तर बरे, कारण गृहस्थ फेब्रुवारीअखेर लिस्बनला परत जातात. त्याआधी तू चार दिवस तबला घेऊन ये. बाईंनी तुझ्यासाठी गुरुवारची वेळ राखून ठेवली आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेही