गाडी मी सुरू केलीच नव्हती : नाकारलेल्या विमा दाव्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटार विमा विभाग

दिनांक : 6 नोव्हेंबर 2023

महोदय,

23 सप्टेंबरच्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी आमच्या डागा लेआउटमध्ये शिरलं. जाग आली तेव्हा अंगणातली माझी कार दाराच्या हँडलपर्यंत बुडाली होती. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. पाणी निम्म्या चाकाच्या वर असेल तर गाडी काढायची नाही आणि बुडालेल्या गाडीला चावी लावायची नाही, हे त्यांनी लहानपणीच मनावर ठसवलं होतं.

पाणी ओसरल्यावर मी चावी लावली नाही. बॉनेट उघडून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल तपासायची पट्टी, ओढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, म्हणजे इंजिनात पाणी गेलेलं होतं. त्याच दुपारी तुमच्या टोल-फ्री क्रमांकावर कळवलं आणि सगळे फोटो पाठवले.

25 तारखेला तुमच्याच टोइंग गाडीने कार तुमच्या यादीतल्या वर्कशॉपमध्ये नेली. मी सोबत होतो. आवारात आमच्याच भागातून आलेल्या चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग लागली होती. माझ्या जॉबकार्डवर तिथल्या सुपरवायझरने स्वतःच्या हाताने लिहिलं : 'बॅटरी काढलेली.' ते कार्ड घेऊन मी काउंटरवर सही करत होतो, तेवढ्यात एका पोराने वायर जोडून सेल्फ मारला. मी 'अरे थांब' म्हणून ओरडलो, तोवर एकच 'टक्' असा आवाज आला आणि इंजिन जाम झालं.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर अडला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं असतं. इंजिन उघडल्यावर दोन रॉड वाकलेले निघाले.

आणि तुमचं पत्र म्हणतं की, पाणी शिरल्यावर 'विमाधारकाने' गाडी सुरू केल्यामुळे दावा नामंजूर. पैशाचं नुकसान मोठं आहेच, पण जे न करण्यासाठी मी धडपडलो तेच माझ्या माथी मारलं, हे मला सहन होत नाही. सर्व्हेअर सहाव्या दिवशी आला. त्याने ना मला काही विचारलं, ना जॉबकार्ड पाहिलं. साध्या पॉलिसीत असं नुकसान सहसा बसत नाही, हे माहीत असल्यामुळेच मी वेगळा हप्ता भरून इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनाच्या नुकसानीसाठीचं जादा विमा संरक्षण, घेतलं होतं.

दावा पुन्हा उघडा. वर्कशॉपचं 25 तारखेचं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जाण्याआधी मागवा आणि नवा सर्व्हेअर नेमा. त्या रांगेतल्या किती गाड्यांना असाच सेल्फ मारला गेला, हेही तपासा. त्यांच्या मालकांनाही हेच पत्र गेलं असेल, तर त्यांतले बरेच जण तिथे हजर नव्हते. आपलीच चूक झाली असं ते समजत असतील.

जॉबकार्डाची प्रत आणि वेळेसह फोटो सोबत जोडले आहेत. 30 दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास मी विमा लोकपालांकडे जाईन.

आपला,
पॉलिसीधारक
डागा लेआउट, नागपूर