वाल्थर जीएसपी आवडू लागले त्याबद्दल : माझ्या प्रशिक्षकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

क्लबच्या ज्या वाल्थर जीएसपी पिस्तुलाला मी कुरूप ठरवून नाकारले होते, त्याच पिस्तुलाने आज मी मनापासून नेमबाजी करते आणि याचे श्रेय आपल्या संयमाला आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

१९६० च्या दशकातील हे जर्मन पिस्तूल म्हणजे चौकोनी धातूचा ठोकळा, त्यातून बाहेर आलेली आखूड नळी, चापाच्या पुढे लोंबणारे मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आणि मागे लाकडाची अवजड मूठ. सडपातळ नळीची जुनी रिव्हॉल्व्हरे पाहून माझी आवड घडली होती. त्यामुळे हे मला नळदुरुस्तीच्या पेटीतले अवजार वाटले. आपण सौंदर्यावर वाद घातला नाहीत. मॅगझिन काढून हातात दिलेत आणि एवढेच विचारलेत, की हे मुठीत बसवले असते तर मूठ कशी झाली असती?

त्या प्रश्नाने मी पिस्तूल नीट पाहू लागले. मॅगझिन पुढे असल्यामुळे मूठ पूर्णपणे हातासाठी मोकळी राहते आणि वजन पुढे सरकल्यामुळे नळीचे टोक कमी डुलते. नळी हाताच्या रेषेजवळ, खाली बसवलेली असल्याने झटका वर न उसळता बराचसा सरळ मागे येतो. गोळी सुटल्यावर बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा धातूचा तुकडा, ठोकळ्याच्या आतच मागेपुढे होतो; साईट, म्हणजे नेम धरायची खूण, जागची हलत नाही. म्हणजे ज्या चौकोनी आकाराचा मला राग होता, तोच साईटला स्थिर आधार देत होता.

तरीही बुद्धीला पटणे वेगळे आणि हाताला आवडणे वेगळे. ते घडले आपण मुठीवर घेतलेल्या मेहनतीमुळे. प्रत्येक सरावानंतर अंगठ्याखाली कानस फिरवायची, तळहाताच्या पोकळीत थोडी पुट्टी भरायची, वाळू द्यायची आणि पुन्हा धरून पाहायचे, हे काम आपण न कंटाळता केलेत. २५ मीटर पिस्तूल प्रकारात पहिल्या ३० गोळ्यांना सावकाश नेम धरता येतो. पुढच्या ३० गोळ्यांना मात्र हात ४५ अंशांखाली ठेवून थांबावे लागते, लक्ष्य तीनच सेकंद मिळते, त्यात हात वर आणून एक गोळी झाडायची आणि मग सात सेकंदांनी पुन्हा तेच. तिथे मनगट सावरत साईट शोधायला वेळच नसतो. मूठ हाताला बसल्यावर हात वर येताच पुढची साईट मागच्या खाचेत आपोआप दिसू लागली आणि त्या दिवसापासून हे पिस्तूल मला देखणे वाटू लागले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, त्या अंतिम फेरीकडेही मी आता वेगळ्या समजुतीने पाहते.

मॅगझिनचा पुढे आलेला कोपरा मला अजूनही खटकतो, हे प्रामाणिकपणे सांगते. पण तो तिथे नसावा असे वाटत नाही.

सध्याच्या मुठीला माझ्या हाताचा आकार आल्यामुळे ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची राहिलेली नाही. माझ्यानंतर हे पिस्तूल ज्या मुलीला द्याल तिच्यासाठी कोरी मूठ माझ्या खर्चाने घेण्याची परवानगी द्यावी आणि तिचे कानसकाम आपणच करावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी