आईचा रिपोर्ट तिच्या तेराव्यानंतर आला

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
सविनय नमस्कार.

माझ्या आईच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा अंतिम रिपोर्ट परवा हाती आला, तेव्हा तिच्या तेराव्याला अकरा दिवस उलटले होते. त्यात ‘एएलके पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे, म्हणजे तिच्या कर्करोगाच्या पेशींत एएलके हे प्रथिन सापडले, ज्यावर नेमकी काम करणारी गोळी असते.

आई ६१ वर्षांची होती. तंबाखूला ती कधी शिवली नाही, पण चुलीपुढे तिचा जन्म गेला. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी पाच महिने तिला क्षयाच्या गोळ्या दिल्या. बायोप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा कर्करोगाचा प्रकार निघाल्यावर डॉक्टरांनी त्या पेशींतील प्रथिनांची तपासणी लिहून दिली, तर सरकारी योजनेच्या खिडकीवर उत्तर मिळाले, “केमो बसते, ही तपासणी बसत नाही.” पैसे उसने घेऊन बायोप्सीची ऊती बसवलेला मेणाचा ब्लॉक मी रात्रीच्या एसटीने मांडीवर ठेवून मुंबईला नेला. १९ दिवसांनी निरोप आला की ऊती अपुरी आहे. दुसऱ्यांदा सुई टोचताना आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखांचे वळ उठले. पहिल्या बायोप्सीपासून रिपोर्टपर्यंत ७१ दिवस गेले. आई ४७व्या दिवशी गेली.

या तपासणीला आपले खाते चैन समजते काय? ब्लॉकचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढून त्यांवर ठरावीक प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड टाकतात आणि ते प्रथिन असेल तर पेशी तपकिरी दिसतात. पण रुग्णाला कोणते औषध द्यायचे आणि त्याने किती आशा धरायची, हे त्या रंगावर ठरते. एएलके शंभरात तीन ते पाच जणांतच सापडते, हे खरे. मात्र अशा रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचे जे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत एएलकेवरची लोरलॅटिनिब ही गोळी घेणाऱ्या ६० टक्के रुग्णांचा आजार ५ वर्षांनंतरही वाढलेला नव्हता. क्रिझोटिनिब या जुन्या गोळीवर हे प्रमाण ८ टक्के होते. अशाच तपासणीत दिसणारे पीडी-एल१ हे दुसरे प्रथिन निम्म्याहून अधिक पेशींवर असलेल्या रुग्णांत इम्युनोथेरपीने, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणाऱ्या औषधाने, ५ वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ३२ टक्के भरले, केमोने १६. माझी आई त्या साठांत असती की नाही, हे मला कोणीही सांगू शकणार नाही, कारण तिला ती गोळी मिळालीच नाही. तिला मिळाली ती केमो, जी योजनेत बसत होती.

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. तेथे केमोच्या बाटल्या टांगल्या जातील, पण कोणाला कोणते औषध द्यायचे, हे सांगणारी प्रयोगशाळा जिल्ह्यात कुठे आहे? खाटा मोजल्या जातात, इमारतींची उद्घाटने होतात. बायोप्सी आणि रिपोर्ट यांच्यामध्ये माणसाचे किती दिवस गेले, हे या व्यवस्थेत कोणीच मोजत नाही. औषध महाग आहे म्हणून तपासणीच करायची नाही, हा युक्तिवादही मी ऐकला. आजार कोणता, हे कळण्याचा हक्क गरिबाला नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

ही तपासणी बायोप्सीचाच भाग धरून योजनेतून मोफत करावी, पहिल्याच वेळी पुरेशी ऊती घ्यावी आणि रिपोर्टला दिवसांची मुदत बांधावी. याचे उत्तर मला लेखी हवे आहे. आईचे सगळे कागद एका फाइलीत आहेत. ते उत्तरही मी त्यातच लावीन.

आपली,
एक मुलगी, सोलापूर जिल्हा