मशीनच्या आधी मतदार यादी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात माजी आमदारसाहेबांच्या शुद्ध निवडणुकीवरच्या भाषणाची बातमी वाचली. ईव्हीएमवर चार कॉलम आणि मतदार यादीवर शेवटी दोन ओळी, त्या वाचून रात्रभर डोक्यात तेच होतं म्हणून लिहितोय.

साहेब बोलले ते चूक नाही. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसात पाच टक्के मशीन तपासून मागता येतात, खर्च त्यानं भरायचा, हे सुप्रीम कोर्टानं एप्रिल 2024 मध्ये सांगितलंय आणि ते लोकांना कळायलाच पाहिजे. पद गेल्यावर पण माणूस या विषयावर गावोगाव फिरतोय याचा मला आदर आहे. पण मशीनचं बटण दाबायला आधी यादीत नाव लागतं की नाही?

7 मे 2024, लोकसभेचं मतदान. माझी आई, वय ऐंशीच्या पुढं, लग्न होऊन मंगळवार पेठेत आली ती आजपर्यंत त्याच घरात. उन्हाच्या आधी जाऊ म्हणून सकाळीच रिक्षानं नेलं, ओळखपत्र हातात, आणि टेबलावर सांगितलं की आजी तुमचं नाव नाही. माझं आहे, बायकोचं आहे, आईचंच नाही. नंतर चौकशी केली तर म्हणे स्थलांतरित म्हणून कमी केलंय. कोण म्हणालं स्थलांतरित? नाव कमी करायचा 7 नंबरचा फॉर्म कुणी भरला, त्यावर भरणाऱ्याचं नाव असतंच की, ते दाखवा म्हटलं तर या टेबलावरून त्या टेबलावर. नाव काढायच्या आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकून घ्यायचं असा कायदा आहे, आमच्या दारात ना नोटीस आली ना कुणी माणूस. आणि आमच्याच गल्लीतले कोरोनात वारलेले एक काका त्या यादीत अजून होते! आई रिक्षात बसून एवढंच म्हणाली की मी मेले असं लिवलंय काय रं. मला उत्तर देता आलं नाही.

आता साहेबांना नम्रपणे विचारतो, मान्यताप्राप्त पक्षांना प्रारूप म्हणजे कच्च्या यादीची कॉपी फुकट मिळते, ती तुमच्या किती कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन ताडून बघितली? मतदान संपल्यावर बूथ एजंटला 17सी फॉर्मची कॉपी मिळते, किती मतं पडली त्याचा हिशोब असतो त्यात, ती किती जणांनी जपून ठेवली? प्रचाराच्या पदयात्रेला पोरं मिळतात आणि यादी वाचायला मिळत नाहीत, हे मला पटत नाही.

आणखी एक, शुद्ध निवडणुकीवर बोलताना आपल्या महापालिकेवर नोव्हेंबर 2020 पासून पाच वर्षं प्रशासक होता त्याबद्दल एक शब्द नाही. 2026 च्या जानेवारीत मतदान झालं, तोपर्यंत गटारीची तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नव्हता, आणि मतदान झालं ते पण व्हीव्हीपॅटशिवाय, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणाऱ्या मशीनशिवाय. निवडणूकच वेळेवर होत नाही हा सुद्धा मतदाराचा हक्क मारणंच आहे, यावर तेव्हा कुणी मोर्चा काढलेला मला तरी दिसला नाही.

तुम्हाला विनंती एकच, पुढची प्रारूप यादी लागली की कमी केलेल्या नावांची प्रभागवार माहिती मागा, हरकतींची शेवटची तारीख संपायच्या आत छापा, आणि पहिल्या पानावर छापा. साहेबांचा फोटो आत गेला तरी चालेल.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर