इलेक्ट्रॉनिक सुटे भाग जिल्ह्याच्या गावीही मिळावेत

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनांची आणि तंत्रनिकेतनांमध्ये शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची धावपळ सुरू होते. रत्नागिरी, परभणी किंवा नंदुरबारसारख्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला, आणि निव्वळ हौसेने इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या माझ्यासारख्यालाही, या कामात पहिली अडचण येते ती सुट्या भागांची. मुंबईकराला ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्रीचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ठाऊक असतो. पुणेकर बुधवार पेठेतील तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर पालथा घालतो. बाहेरगावच्या मुलाने तिथे जायचे तर रात्रीचा प्रवास करून जायचे, आणि त्यातही त्याला मोकळा असतो तो रविवार, ज्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरील बहुतेक दुकाने बंद असतात.

पूर्वी ही उणीव गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला भरून काढत असे. त्याच्याकडील डब्यांत बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १एन४००७ डायोड, ७८०५ रेग्युलेटर आणि निरनिराळ्या मापांचे कपॅसिटर असत, आणि त्यांतले दोन-चार नग तो विनातक्रार देत असे. आताच्या टीव्हीतील बरेचसे भाग बोर्डाच्या पृष्ठभागावर बसवलेले, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात आणि बिघाड झाला की बहुधा अख्खा बोर्डच बदलला जातो. त्यामुळे लांब पायांचे भाग साठवून ठेवण्याचे कारणच त्याला उरलेले नाही. यात त्याचा दोष नाही. रुपया-दोन रुपयांच्या रेझिस्टरवर कोणाचे दुकान चालणार?

‘सगळे ऑनलाइन मिळते’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. आर्डुइनोसारखे प्रोग्रॅम करता येणारे छोटे बोर्ड, सेन्सर, मोटारी घरपोच येतात आणि त्यांच्या किमतीत कुरिअरचा खर्च खपूनही जातो. परंतु ऐनवेळी एखादा २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर किंवा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (बोर्डाला ठरावीक ठेका देणारा भाग) कमी पडला, तर वस्तूच्या कितीतरी पट पैसे पाठवणावळीला मोजावे लागतात आणि काम तीन-चार दिवस अडून राहते. माऊसर किंवा डिजी-की यांसारख्या परदेशी वितरकांकडून एक-दोन नग मागवणे हौशी माणसाला परवडत नाही. मात्र त्यांच्या संकेतस्थळांवर व्होल्टेज, विद्युतप्रवाह, आकार अशा निकषांनी भाग शोधता येतो आणि त्याची डेटाशीट, म्हणजे तांत्रिक माहितीचे पत्रकही, तिथेच मिळते. खरेदी करायची नसली तरी नेमका क्रमांक ठरवण्यासाठी विद्यार्थ्यांनी या सोयीचा उपयोग जरूर करावा.

नेमक्या क्रमांकाचा आग्रह का धरायचा, हे एका उदाहरणाने सांगतो. दुकानात आयआरएलझेड ४४एन हा मॉसफेट (विजेच्या स्विचसारखे काम करणारा ट्रान्झिस्टर) मागितला की अनेकदा ‘तेच आहे’ असे सांगून आयआरएफझेड ४४एन हातात ठेवला जातो. दोन्हींचा आकार एक, पाय एकाच क्रमाने, फरक जेमतेम एका अक्षराचा. पहिला त्याच्या गेटवर, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या पायावर, ५ व्होल्ट मिळाले तरी पुरेसा चालू होतो. दुसरा पुरेसा चालू होण्याची हमी १० व्होल्टला दिलेली असते. मायक्रोकंट्रोलरच्या (बोर्डावरील प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपच्या) ५ किंवा ३.३ व्होल्टवर तो अर्धवट चालू होऊन तापतो आणि विद्यार्थी बिचारा आपला प्रोग्रॅम तपासत बसतो. याहून धोकादायक प्रकार लिथियम सेलचा आहे. १८६५० आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते; असे असताना ९८०० छापलेले सेल राजरोस विकले जातात. असे सेल शाळकरी मुलांच्या हाती देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या यंत्रांतून भाग काढून घेण्याची सवय चांगली असली, तरी संगणकाच्या पॉवर सप्लायला मुलांनी एकट्याने हात लावू नये. २३० व्होल्टचा पुरवठा एकदिश केल्यावर आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ टिकून राहू शकतात.

या परिस्थितीत माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यातील किमान एका शासकीय तंत्रनिकेतनाने सुट्या भागांचे एक कपाट विक्रीसाठी ठेवावे आणि ते बाहेरच्या शाळांना व हौशी नागरिकांनाही खुले असावे. साठा वाटतो तेवढा मोठा लागत नाही. रेझिस्टरच्या प्रचलित ई-१२ मालिकेत प्रत्येक दसपटीच्या टप्प्यात (उदाहरणार्थ १० ते १०० ओहम) बाराच मूल्ये असतात. १० ओहमपासून १ मेगाओहमपर्यंत सारे मिळून ६१ प्रकार होतात. त्यांच्या जोडीला वीसेक प्रकारचे कपॅसिटर, नेहमीचे डायोड व ट्रान्झिस्टर, ५५५ टायमर व एलएम ३५८ या नेहमीच्या चिप, हेडर पिना, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग जोडण्याची पट्टी) आणि सोल्डर ठेवले, तर प्रदर्शनातील बहुतांश प्रकल्पांची गरज भागेल. घाऊक पाकिटे आणून मूळ किमतीवर थोडी भर घालून नगाने विकली, तर संस्थेला तोटा होण्याचे कारण नाही. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब या शालेय प्रयोगशाळांच्या योजनेसाठी निवड झालेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यांनाही जळलेला एखादा भाग बदलण्यासाठी नवा संच मागवण्याऐवजी हे कपाट उपयोगी पडेल. पैसा कमी नाही, तो योग्य जागी पोहोचत नाही, एवढेच.

मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांनाही एक विनंती आहे. भागांचे पूर्ण क्रमांक आणि दर असलेली यादी फोनवर पाठवावी, किमान शंभर नगांची अट शिथिल करावी आणि माल एसटीच्या पार्सलने पाठवण्याची तयारी ठेवावी. तीन-चार शाळांनी एकत्र मागणी नोंदवली, तर व्यापाऱ्यांनाही हा व्यवहार परवडेल. ज्या तंत्रनिकेतनांत किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयांत अशी विक्री आधीपासून होत असेल, त्यांनी तिची वेळ आणि बाहेरच्यांना प्रवेश आहे की नाही हे प्रदर्शनांपूर्वी जिल्ह्यातील शाळांना कळवावे.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी