मालकाचं नाव बातमीच्या टायपात छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्रकार दिनाच्या, म्हणजे सहा जानेवारीच्या अंकात आपण माध्यमांच्या स्वातंत्र्यावर पानभर मजकूर दिलात. 'दर्पण', बाळशास्त्री जांभेकर, लेखणीची धार, सगळं यथास्थित होतं. पत्रकारांवर दबाव कुणाकुणाचा येतो तेही सांगितलंत: सरकारचा, पोलिसांचा, पुढाऱ्यांचा, जाहिरातदारांचा. मालक मात्र त्या पानावर कुठे सापडला नाही. म्हणून हे पत्र.

मी शहरातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. मार्च उजाडला की पेपरांच्या आतल्या पानावर, अगदी तळाला, भिंग घेऊन वाचावा असा एक तक्ता यायचा. 'फॉर्म नं. ४ (नियम ८ पाहा)'. १९५६च्या नियमांनी ही सक्ती आणली. फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि मालक यांची नावं-पत्ते द्यायचे, शिवाय एकूण भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा असणाऱ्यांची नावंही. मी ते तक्ते कापून एका वहीत चिकटवायचे. आमच्या कार्यवाहांना हा रिकामा उद्योग वाटायचा, पण स्पर्धा परीक्षेची पोरं ती वही मागून नेत.

जुन्या वाचकांना वहीची गरज नव्हती. साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांचे दिवस आले की आमच्याकडे करवीर तालुक्यातले एक शेतकरी काका येऊन बसत. एकाच सभेची बातमी एका पेपरात 'खेळीमेळीत, सर्व विषय एकमताने मंजूर', आणि दुसऱ्यात 'मंजूर-नामंजूरच्या घोषणांत सभा गुंडाळली'. काका विचारायचे, "बाई, ह्यो पेपर कुणाचा हाय ते सांगा आदी, मग वाचतो." मग दोन्ही वाचून ते आपला आपण हिशेब घालायचे. कोल्हापुरात हे शहाणपण घरोघरी होतं. कुठला पेपर कुठल्या गटाकडे झुकतो, कुणाच्या वाढदिवसाला पुरवणी निघते आणि कुणाच्या निघत नाही, हे चहाच्या गाड्यावरही ठाऊक असायचं.

आता बातमी पेपरातून येत नाही, मोबाईलवर कात्रण होऊन येते. वरचं नाव कापलेलं, तारीख कापलेली. माझा भाचा अशी कात्रणं दिवसभर पाठवत असतो. "कुठल्या पेपरातलं रे?" म्हणून विचारलं तर म्हणतो, "ते कशाला पाहिजे, मावशी? बातमी खरी आहे ना बघ."

खरी असते हो, बऱ्याचदा. छापलेलं खोटं कधी ना कधी पकडलं जातं. पण जे छापलंच नाही ते वाचक कुठून पकडणार? पंचगंगेत मासे मरून तरंगले की मळीमिश्रित पाणी कुणी सोडलं हे एक पेपर नावानिशी लिहितो, दुसरा 'एका कारखान्याने' एवढ्यावर थांबतो, तिसऱ्यात बातमीच नसते. तिसऱ्या पेपरात एक अक्षरही खोटं नाही! कारखाना कुणाचा आणि पेपर कुणाचा, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ती गाळलेली बातमी दिसत नाही.

त्या तक्त्यानंही सगळं कळायचं असं नाही. जुन्या कात्रणांत मालक म्हणून माणसाचं नाव असायचं, नंतर नंतर तिथे कंपनी येऊ लागली. कंपनीत दुसऱ्या कंपनीचे शेअर, तिच्यात तिसरीचे. एनडीटीव्हीचंच बघा. २००९मध्ये विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या, कुणी ऐकलीही नसेल अशा कंपनीनं संस्थापकांच्या कंपनीला सुमारे चारशे कोटींचं कर्ज दिलं. कर्जाच्या बदल्यात संस्थापकांच्या त्या कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क ठेवला होता. ऑगस्ट २०२२मध्ये अदानी समूहानं ही विश्वप्रधानच विकत घेतली आणि तो हक्क बजावला. संस्थापकांच्या कंपनीकडे असलेला एनडीटीव्हीचा २९ टक्क्यांहून अधिक हिस्सा असा हातात आला. आमच्या संमतीशिवाय हे झालं, असं संस्थापकांनी सांगितलं. वर्ष संपेपर्यंत त्यांनीही आपला बराचसा वाटा विकला आणि समूहाकडे जवळजवळ ६५ टक्के झाले. म्हणजे चॅनेलची किल्ली तेरा वर्षं एका कर्जाच्या कागदात पडून होती, आणि आपण प्रेक्षक चर्चा बघत बसलो होतो.

मराठीतही २०१४ साली रिलायन्सनं नेटवर्क१८ या माध्यम समूहाचा ताबा घेतला, तेव्हा आयबीएन लोकमत या मराठी बातम्यांच्या चॅनेलमधला त्या समूहाचा वाटाही त्याबरोबर गेला. पडद्यावर त्या दिवशी काही बदललं का? तोच लोगो, तेच निवेदक. चॅनेलवाल्यांना तर मार्चचा तक्ताही कधी दाखवावा लागला नाही.

आता कुणी म्हणेल, बाईंना पैसेवाल्यांचं वावडं दिसतंय. तसं नाही. जानेवारी १९२०मध्ये बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो आपल्या शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. संस्थानचा राजा पेपराला पैसे देतो, याहून मोठा पैसेवाला कोण? तरी ही गोष्ट आपण शंभर वर्षं अभिमानानं सांगतो. पैसे कुणी दिले, कशासाठी दिले, सगळं उघड होतं. 'केसरी'तही आगरकर संपादक होते तोवर होते. स्वतःची मतं मोकळेपणानं लिहिता येईनात तेव्हा बाहेर पडले आणि १८८८मध्ये 'सुधारक' काढला. वाचकाला कळलं की हे मत याचं आणि ते त्याचं. आजचा संपादक बाहेर पडला तर आम्हाला कळतं ते छापील नावाच्या ओळीत एक दिवस दुसरंच नाव दिसतं तेव्हा. त्याचं घर कर्जावर असतं, त्याला दोष देत नाही.

सरकारनं यात हात घालावा असंही मी म्हणत नाही. १९६०च्या आदेशानं किती किमतीला किती पानं द्यायची हे सरकार ठरवायला निघालं होतं. कारण गोड होतं, लहान पेपरांचं संरक्षण. सर्वोच्च न्यायालयानं 'सकाळ'च्या खटल्यात ते मोडीत काढलं, बरंच केलं. दुसऱ्या प्रेस आयोगानं १९८२मध्ये पेपर आणि इतर उद्योग वेगळे करा असं सुचवलं. ऑगस्ट २०१४मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकानं, सांगितलं की राजकीय पक्षांना चॅनेल काढू देऊ नयेत, आणि पेपर व चॅनेल एकाच्याच हाती एकवटण्यावर मर्यादा घाला. कायदा करणाऱ्यांपैकी कितीजणांचे स्वतःचे पेपर आहेत ते आपल्याला वेगळं सांगायला नको. तेव्हा त्या शिफारशींची वाट बघण्यात अर्थ नाही.

२०२४पासून वृत्तपत्र नोंदणीचा नवा कायदा लागू आहे. तो काय मागतो हे बाजूला ठेवून आपण आपणहून एक करा. आपल्या शेवटच्या पानाच्या तळाशी मालक म्हणून एका कंपनीचं नाव असतं. त्या कंपनीमागची माणसं, त्यांचे इतर धंदे, संस्था, कारखाने, बँका, आणि मोठं कर्ज कुणाचं आहे, एवढं छापा. आणि त्यातल्या कुठल्या संस्थेची बातमी आली की बातमीखाली एक ओळ टाका: 'या संस्थेचे अध्यक्ष आमच्या संचालक मंडळावर आहेत.' बातमी कौतुकाची असो की टीकेची, ओळ तीच. वार्ताहराचं नाव छापता, छायाचित्रकाराचं छापता, मग मालकाचंच काय अडलंय?

येत्या मार्चमध्ये हा तक्ता पान दोनवर, बातमीच्या टायपात दिसावा. जागा कमी पडली तर आमचा वाचकांच्या पत्रांचा एक दिवसाचा कोटा घ्या, माझी हरकत नाही.

माझं नाव-पत्ता सोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
मंगळवार पेठ, कोल्हापूर